केशरला बुडबुडा मिळेना

एक होता शंखातला खेकडा. एवढास्सा! त्याचं नाव टुकटुक.

त्याची मैत्रीण केशर. केशरी मासोळी, पांढऱ्या पट्ट्यांची.

दोघं राहायची विश्रामकाकांच्या काचेच्या पेटीत. आत खारं पाणी, आत रंगीत पोवळी. अगदी छोटा समुद्रच!

आज काकांनी घर बदललं. पेटी रिकामी झाली. खारं पाणी गेलं पिंपात. पोवळी गेली टबात. टुकटुक आणि केशर गेली बादलीत.

बादलीत छोटा पंप होता, सेलवर चालणारा. बुडबुड बुडबुड! बुडबुडे आले की केशरला बरं वाटायचं.

नवं घर आलं. आणि पंप बंद पडला. बुडबुड… बुड… गप्प.

केशर वर आली. तोंड उघडलं. पाक पाक! पाक पाक!

"टुकटुक, बुडबुडा हरवला रे!"

"थांब हं. मी आणतो," टुकटुक म्हणाला. तोही घाबरला होता. पण निघाला.

त्याने शंखात घोटभर पाणी घेतलं. बादलीच्या काठावर ओला टॉवेल लोंबत होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. टॉवेल धरून वर चढला. टॉवेल धरून खाली उतरला. टुक टुक टुक टुक!

समोर होती पेटी.

"पेटी, पेटी, केशरला आत घे. केशरला बुडबुडा मिळेना!"

"मी तर रिकामी," पेटी म्हणाली. "पाणी भर, मग घेते."

टप्! शंखातलं थोडं पाणी सांडलं. टुकटुक निघाला. टुक टुक टुक टुक!

पिंपाजवळ बसले होते विश्रामकाका.

"काका, काका, पाणी भरा. पेटी भरेना, केशरला बुडबुडा मिळेना!"

"पाणी गार पडलंय रे राजा. असंच ओतलं तर केशर गारठेल. हीटरचं बटण लागलं की पाणी तापेल."

"मग लावा ना बटण!"

"मी? नको रे बाबा! ताई ओरडेल."

टप्! अजून पाणी सांडलं. टुक टुक टुक टुक!

बटणापाशी उभी होती काकांची ताई, म्हणजे आपली इंदूआत्या. कमरेवर हात!

"आत्या, आत्या, बटण लाव. पाणी तापेना, पेटी भरेना, केशरला बुडबुडा मिळेना!"

"आधी दूध उतू जाईल. मग बटण लागेल. नव्या घरात असंच करायचं असतं!"

आत्यापुढे कुणाचं काही चालतं का? नाही चालत!

बादलीतून आवाज आला. पाक… पाक…

टप्! टुक टुक टुक टुक!

पातेल्यात होतं दूध.

"दूध, दूध, उतू जा. बटण लागेना, पाणी तापेना, पेटी भरेना, केशरला बुडबुडा मिळेना!"

"शेगडी पेटू दे. मग जातं."

टप्! टुक टुक टुक टुक!

"शेगडी, शेगडी, पेट ना. दूध उतू जाईना, बटण लागेना, पाणी तापेना, पेटी भरेना, केशरला बुडबुडा मिळेना!"

"काडेपेटी खोक्यात. खोक्यावर माऊ. माऊ उठू दे. मग पेटते."

पाक…… पाक……

टुकटुकच्या शंखात आता एकच थेंब उरला. पाय सुकले. टुक… टुक… टुक…

"माऊ, माऊ, ऊठ ना. शेगडी पेटेना, दूध उतू जाईना, बटण लागेना, पाणी तापेना, पेटी भरेना, केशरला बुडबुडा मिळेना!"

माऊने एक डोळा उघडला. "नाही उठणार. तू एवढास्सा! तू काय करशील?"

माऊने पंजा मारला. टुकटुक गडगड गडगड लांब गेला. शंखात लपला.

सगळं गप्प. बादलीही गप्प. पाक नाही, काही नाही!

"केशर!"

टुकटुक बाहेर आला. माऊची शेपूट खाली लोंबत होती. त्याने नांगी उघडली आणि… कुट्ट!

"म्यांऽऽव!"

माऊ उठली. खोकं पडलं, धडाम! काडेपेटी मिळाली. शेगडी पेटली. दूध उतू गेलं, फस्स! आत्याने बटण लावलं, टिक! पाणी तापलं. काकांनी पाणी ओतलं, भुळुक भुळुक! पेटी भरली.

काकांनी केशरला आत सोडलं. केशर आडवीच. हलेना. काकांनी पेटीतला मोठा पंप लावला.

बुड…

बुडबुड…

बुडबुड बुडबुड!

केशरची शेपटी हलली. सळ्! केशर पोहली!

"आणि माझा टुकटुक कुठाय?" केशर म्हणाली.

टुकटुक खोक्यापाशी बसला होता. शंख अगदी कोरडा. आत्याने त्याला अलगद उचललं. अलगद पाण्यात सोडलं. डुबुक!

एक मोठ्ठा बुडबुडा वर चालला होता. केशरने तो घेतला नाही. बाजूला झाली.

"हा तुझा," ती म्हणाली.

बुडबुडा टुकटुकच्या नाकावर फुटला, फट्!
आमची गोष्ट संपली झट्!