पाळण्यावरचा हळद्या

माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे भारी शब्दही येत नाहीत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. आमच्या विहारात भन्तेंनी सांगितलेली गोष्ट जशी लक्षात राहिली तशी लिहितो.

फार पूर्वी गोदेच्या काठी एका नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कातारी कुळात जन्मला होता. कातारी म्हणजे दोरीने लाकूड गरगर फिरवून, त्यावर पटाशी धरून गोल वस्तू कातणारा. वस्तू कातून झाली की ती फिरत असतानाच तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घासून लाख तापते, वितळते आणि लाकडावर चढते.

राजाला उशिरा मुलगा झाला. राणीने सांगितले, पाळण्यावर लाकडी हळद्या पक्षी टांगायचे, आणि त्यांचा पिवळा रंग खऱ्या हळद्यासारखाच झळकला पाहिजे. ज्याचे पक्षी पसंत पडतील त्याला राजवाड्याचे काम कायमचे मिळणार होते. ते बोधिसत्त्वाला हवे होते. त्याचा चुलतभाऊ रोहक, त्यालाही हवे होते.

तसा पिवळा रंग हरताळाचाच, म्हणजे पिवळ्या दगडाच्या पुडीचा. हरताळ मिळायचा राजाच्या लेखकाकडे, कारण पोथीत अक्षर चुकले की तो त्यावर हरताळ फासून नवे अक्षर लिहीत असे. बोधिसत्त्व मागायला गेला तेव्हा लेखक हात धूत होता. एकदा धुतले, दोनदा धुतले, तिसऱ्यांदा राखेने घासले. बोधिसत्त्वाने कारण विचारले. लेखक म्हणाला, "पोथीच्या पानाला हा लावला की पाने खाणारी कसर फिरकत नाही. कसर मरते, तर बोटे का तशीच ठेवू?"

बोधिसत्त्व रिकाम्या हाताने परतला. घरी त्याने हळदीची लाख केली. लाकूड पांगाऱ्याचे घेतले, हलके, म्हणजे पक्षी सुटून पडला तरी बाळाला लागू नये. पण हळद उन्हाला टिकत नाही हे त्याला माहीत होते. म्हणून एक पक्षी त्याने पंधरा दिवस अंगणात ठेवला. तो विटून वाळल्या गवतासारखा झाला.

रोहकाने मात्र हरताळच आणला होता. त्याने ते पाहिले आणि तो हसला. "अरे, पोथीतली कसर आणि राजाचं पोर एकच का? जा, विटका पक्षी घेऊन जा दरबारात. राणी ओवाळील तुला."

"दादा, तुम्ही हरताळ कुटताना नाकाला फडकं का बांधता?" बोधिसत्त्वाने विचारले.

दरबारात रोहकाचे पक्षी पाहून सगळे खूश झाले. बोधिसत्त्वाने आपला ताजा पक्षी ठेवला आणि शेजारी तो विटका ठेवला. रंग पंधरा दिवसच टिकेल, मग मी येऊन पुन्हा देईन, असे त्याने आपणहून सांगितले. राणीचा चेहरा उतरला. तेव्हा तो म्हणाला, "महाराज, बाळ हाती आलेली वस्तू आधी तोंडात घालतं. आम्हा दोघांनाही आपापला पक्षी एक घटका तोंडात धरायला सांगावं."

असे म्हणून त्याने विटका पक्षी दातांत धरला आणि तो उभा राहिला. घटका मोजायला तळाला भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडले. एवढा बाप्या माणूस तोंडात लाकडी पाखरू धरून उभा, हे पाहून दरबार हसू लागला. कोणी म्हणाले, आता याला पाळण्यात निजवा. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळू लागली, मान अवघडली, तरी तो हलला नाही. रोहकाने पक्षी उचलला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

पात्र बुडाले तेव्हा कोणी हसत नव्हते.

राजाने बोधिसत्त्वाला काम दिले आणि रोहकाला शिक्षा फर्मावली. बोधिसत्त्व तोंड पुसून म्हणाला, "महाराज, दादाचा हात माझ्याहून सफाईदार आहे. पक्षी त्यांनी कातावेत, रंग मी देईन." राजाने मानले आणि शिक्षा मागे घेतली. दर पंधरवड्याला बोधिसत्त्व हळदीची कांडी घेऊन राजवाड्यात जात राहिला, राजपुत्र चालू लागेपर्यंत.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. लेखक म्हणजे सारिपुत्त. रोहक आज इथेच तुमच्यात बसला आहे आणि चांगला भिक्षू आहे, म्हणून त्याचे नाव घेत नाही. तो कातारी मी होतो." केलेला निश्चय हसे झाले तरी न सोडणे, ही अधिष्ठान पारमिता.

मी लाकडी खेळणी रंगवायच्या कारखान्यात कामाला आहे. भन्तेंनी गोष्ट सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या टेबलापाशी गेलो. मला वर बघून बोलता येत नाही. पिवळ्या रंगाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारले, "शेठ, यात काय काय असतं?"