कॅलिपरचा पक्का रंग

एकदा एक व्यापारी आपली स्पोर्ट्‌स कार घेऊन घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आला. चाकातील तबकडी दोन्ही बाजूंनी आवळून गाडी थांबवणारे ब्रेकचे कॅलिपर जुने होऊन अडकू लागले होते आणि त्यांचा रंगही उडाला होता. व्यापाऱ्याला पहिल्या गोष्टीची चिंता थोडी आणि दुसरीची फार होती. "उस्ताद, चाकाच्या आऱ्यांतून लालभडक दिसले पाहिजेत. गाडी मी रोज सकाळी स्वतः पुसतो, चाकांसकट. बॉनेट मात्र कधी उघडत नाही, ते तुमचं काम," तो हसत म्हणाला.

वृद्धाने कॅलिपर खोलले, गंज काढला, पिस्टन स्वच्छ केले, ज्या तेलाच्या दाबाने ब्रेक लागतात ते आत रोखणारे नवे रबरी सील आणवले. मग रंगासाठी फळीवरचा साध्या लाल रंगाचा डबा काढून ठेवला. शिष्य पाहतच राहिला. एवढी महागडी गाडी, आणि रंग खिडकीच्या गजांना मारायचा! तेवढ्यात नात्यात कोणी गेल्याचा निरोप आला आणि वृद्ध गावी निघाला. "हाच रंग दे," एवढेच तो सांगून गेला.

शिष्याला त्या डब्याची लाज वाटली. त्याने कॅलिपर शहरात नेले, भट्टीत भाजून त्यांवर पक्का रंग चढवून आणला, सील बसवले, गाडी जोडली. व्यापाऱ्याने त्याची पाठ थोपटली. वृद्ध परतला तेव्हा गाडी निघून गेली होती.

"कोणता रंग दिलास?"

"तुम्ही काढून ठेवलात तोच," शिष्य म्हणाला. पुढे काही विचारले गेले नाही, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

वर्ष उलटायच्या आत ती गाडी क्रेनला लटकून परत आली. घाटाच्या उतारावर ब्रेक लागले नव्हते. व्यापारी वाचला होता. शेजारी बसलेली त्याची पत्नी जागीच गेली होती.

वृद्धाने चाक काढले. एका कॅलिपरचे सील फाटले होते, ब्रेक ऑइल कित्येक दिवस झिरपत होते, आणि तरीही कॅलिपर नव्यासारखा चमकत होता. वृद्धाने एकवार शिष्याकडे पाहिले. मग साधा रंग दिलेली एक जुनी पट्टी आणून त्याने तिच्यावर ब्रेक ऑइलचा थेंब सोडला, आणि दुसरा थेंब कॅलिपरवर. थोड्या वेळाने पट्टीवरचा रंग फुगून सोलवटला. कॅलिपरला काहीच झाले नाही.

"ब्रेक ऑइल साधा रंग खातं," वृद्ध म्हणाला. "म्हणूनच मी तो देतो. सील रबराचं, आज ना उद्या फाटणारच. शेठ बॉनेट उघडणार नव्हते, आतल्या टाकीतलं तेल कमी झालंय हे त्यांना कळणार नव्हतं. पण कॅलिपर रोज पुसणार होते. रंग फुगला असता तर त्याच दिवशी तणतणत इथे आले असते आणि मला शिव्या दिल्या असत्या. त्या शिव्या मला हव्या होत्या रे. मी विचारलं तेव्हा तरी खरं बोलला असतास, तर त्याच संध्याकाळी गाडी परत बोलावली असती. साधा रंग का, हे मी तुला सांगून गेलो नाही. तो दोष माझा. पण शेठना मी सांगणार नाही, ते तुझ्यावर सोडतो."

शिष्याने सोलवटलेली पट्टी उचलून फळीवर ठेवली.

दिवसकार्य आटोपल्यावर व्यापारी आला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. "उस्ताद, मी रोज पुसत होतो हो. एकदाही डाग दिसला नाही. दिसला असता, तर तिला बसवलं असतं का मी?"

शिष्य पुढे झाला आणि त्याने सगळे सांगितले. डब्याची लाज सांगितली, भट्टी सांगितली, खोटे बोललो तेही सांगितले.

"म्हणजे मला दिसलं असतं," व्यापारी म्हणाला.

"हो, शेठ."

शिष्याने पाण्याचा पेला पुढे केला, तो व्यापाऱ्याने घेतला नाही. व्यापारी तसाच पायी निघाला. तो वळणाआड जाईपर्यंत शिष्य हातात पेला धरून उभा होता. आता दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नाही, हे त्याला उमगले होते.

ज्याच्या भरवशावर कोणाचा जीव आहे, त्याला बिघडल्यावर कुरूप दिसू द्यावे.