लिंबोणीच्या पानावरची घाण

“…आणि तरी सकाळी पुन्हा तितक्याच अळ्या. का, बाबा?”

ऋजुता फकिराच्या तकियाच्या पायरीवर उभी होती. हातात पिशवी, पिशवीत लिंबोणीची एक फांदी.

गावाबाहेरच्या त्या तकियात हुसेनबाबा एकटेच राहत. ते फाटकी चटई शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तिनं सगळं सांगितलं. परसातली लिंबोणी वडिलांनी लावलेली. ते गेले त्या वर्षी तिला पहिली फळं धरली. आता पालवी फुटली रे फुटली की हिरव्या अळ्या ती शेंड्यापर्यंत खाऊन टाकतात. दादा म्हणतो, नुसत्या काड्या कशाला सांभाळायच्या, रविवारी झाड काढू, गाडीला शेड होईल. तिनं मात्र घरात छाती ठोकून सांगितलंय, वाचवून दाखवीन. बीएस्सीला ती वर्गात पहिली होती.

आज गुरुवार.

“काय केलंस?”

रोज सकाळी चिमट्यानं अळ्या वेचते, साबणाच्या पाण्यात टाकते. पानाच्या दोन्ही बाजू बघते. एकही सोडत नाही. हे सांगताना तिचा आवाज जरा चढला.

“ही फांदी बघा ना. आत्ताच निवडून आणलीय. एकदम स्वच्छ.”

बाबांनी फांदी उन्हात धरली. फिरवली.

“पाच,” ते म्हणाले.

“पाच काय?”

“अळ्या.”

तिनं फांदी परत घेतली. पान न् पान पाहिलं. हिरवं काही हलत नव्हतं.

“नाहीये हो. ही तर पाखरांची घाण आहे. तिला कशाला हात लावू मी?”

एका पानावरचा काळपट, पांढरट ठिपका बाबांनी नखानं अलगद सोडवला आणि तळहातावर घेतला.

“शी… बाबा.”

त्यांनी गवताची काडी उचलली. त्या ठिपक्याला हलकेच लावली.

घाणीनं डोकं वर केलं. डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली, आणि एक उग्र वास.

ऋजुता दोन पायऱ्या खाली गेली. एक चप्पल वरच राहिली.

…

थोड्या वेळानं ती पुन्हा वर आली. वाकली.

“हीच… मोठी झाली की हिरवी होते?”

“हिरवी झाली की तुला दिसते.”

ती पायरीवर बसली. रोज सकाळी ती हीच पानं बाजूला सारत होती. चिमट्यानं, जपून, बोटाला घाण लागू नये म्हणून.

“दोन दिवस आहेत,” ती म्हणाली. “सगळी घाण उचलते.”

“खरी घाणही असेल त्यात.”

“मग ओळखायचं कसं?”

“हात लावून.”

तकियामागे जुनं कवठाचं झाड होतं. पानांची चाळणी झालेली, तरी फांद्या फळांनी वाकलेल्या. बाबांनी चार अळ्या त्याच्या पानांवर सोडल्या. याला परवडतं, म्हणाले. तुझं झाड अजून पोर आहे.

पाचवी त्यांनी तिच्यापुढे धरली.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. चिमटा घरी होता.

“घे.”

तिनं डोळे मिटून तळहात पुढे केला. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. तांदळाच्या दाण्याएवढी अळी, दोन्ही शिंगं काढून बसलेली. हात तिनं मागे घेतला नाही.

बराच वेळ ती बघत राहिली.

“बाबा… जगात इतकी सोंगं आहेत. हिनं घाणीचंच का घेतलं?”

बाबांनी सुईत दोरा ओवला.

“स्वच्छ माणसाच्या घरी राहायचं होतं ना, बेटी.”