सोणक रंगाऱ्याच्या सुरगाठी

फार पूर्वी गोदेच्या काठी एका नगरात एक राजा न्यायाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका निळीच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आले होते आणि वडिलांच्या मागे त्यांची पेढी सांभाळीत होते.

त्या नगराच्या बाजारात उधारीची एक रीत होती. प्रत्येक दुकानाच्या दारात खुंटीला एक सुती दोरी टांगलेली असे. उधार नेणाऱ्याने नेताना त्या दोरीला आपल्या हाताने गाठ मारायची आणि फेडायला आला की धन्यासमोर आपल्याच हाताने ती सोडायची. दुसऱ्याच्या गाठीला कोणी बोट लावायचं नाही. गाठ कोणाची आणि किती मालाची, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ध्यानात ठेवायचं. बाजार लहान होता, माणसं ओळखीची होती, म्हणून हे चालून जायचं. ज्याची गाठ दोरीवर म्हातारी झाली त्याची पत गेली, एवढा साधा हिशेब. पण साधा हिशेबसुद्धा सगळ्यांनाच जमतो असं नाही.

सोणक नावाचा एक रंगारी त्या नगरात राहायचा. त्याला तो जमत नसे. हात मात्र सोन्यासारखा. त्याच्या वडिलांपासून चालत आलेला निळीचा एक रांजण होता. त्या रांजणात बुडवून काढलेलं कापड धुऊन धुऊन विरायचं, पण त्याचा रंग उतरायचा नाही. निळीचा रांजण म्हणजे जिवंत गोष्ट, बरं का. त्याला गूळ द्यावा लागतो, चुना द्यावा लागतो, ऊब द्यावी लागते. हेळसांड झाली की तो मरतो. एका हिवाळ्यात सोणक तापाने अंथरुणाला खिळला आणि रांजण बिघडला. बरा झाल्यावर त्याने दारोदार फिरून उधारीवर नीळ आणली, चुना आणला, गूळ आणला. रंग काही धरला नाही. देणी मात्र राहिली. शेवटी लाजेने तो बायकोला, भद्रेला, घेऊन तिच्या भावाच्या गावी निघून गेला. जाताना रांजणाच्या तळाचं थोडं विरजण त्याने एका मडक्यात घेतलं आणि परक्या गावी चिमूट चिमूट गूळ घालून ते वर्षानुवर्षं जगवलं.

मग तो परत आला. वय उतरणीला लागलं होतं. मडक्यातलं विरजण आता जेमतेम फसफसत होतं. त्याला वेळेवर नीळ मिळाली तर वडिलांचा रांजण पुन्हा उभा राहणार होता, नाही मिळाली तर संपलाच. आणि नीळ उधारीवाचून आणणार कशी?

सोणक बाजारात गेला. जो तो म्हणाला, "आधी जुनी गाठ सोड, मग नव्याचं बोल."

"सोडतो की," सोणक म्हणाला. "कुठली माझी?"

झालं! असं विचारायचं असतं का बाजारात? ज्याच्या दोरीवर सोणकाची गाठ होती त्याने तर हात पुढे केलाच, पण ज्याच्याकडून त्याने कधी चिमूटभर चुना नेला नव्हता त्यानेही केला. कोणी म्हणाला, तुझ्या बापाची राहिलीय. कोणी म्हणाला, तुझ्या साडूची आहे, तू जामीन होतास. आपल्याला साडू नाही, हे सोणकाला घरी पोचल्यावर आठवलं.

भद्रेने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही एकाला तरी नाही म्हणालात का?"

"तोंडावर नाही कसं म्हणू? घेतलंच असेल. मी तेव्हा तापात होतो."

"तापात माणूस चुना आणायला जातो?"

भद्रेच्या भावाने दिलेली शेळी गेली, तिच्या बांगड्या गेल्या. जो मोठ्याने ओरडला त्याला आधी मिळालं. आणि गंमत अशी, की दिल्याबरोबर मोकळं मोकळं वाटून सोणक घाईने घरी यायचा आणि गाठ सोडायची राहूनच जायची. म्हणजे पैसे गेले, गाठी राहिल्या. बाजार म्हणू लागला, "हा फेडतो फेडतो म्हणतो, पण दोरी तर तशीच दिसते." पहिल्यापेक्षा पत आणखी खाली गेली. आपण देतोय तसतसं आपलं नाव का खराब होतंय, हे कोडं सोणकाला उलगडेना. तो मडक्याजवळ बसून राही आणि आतल्या बुडबुड्यांकडे पाहत राही.

अशात त्याला पिंगल भेटला. पिंगल वडाखाली बसायचा आणि ज्यांची पत गेली त्यांची नावं धुऊन देतो म्हणायचा.

"रंगारीबुवा," पिंगल म्हणाला, "तुम्ही कापडं धुता, मी नावं धुतो. धंदा एकच. बाजारात तुमची एक गाठ राहणार नाही."

"म्हणजे तू त्यांना भेटून बोलणार?"

"बोलेन, नाहीतर नाही बोलणार, तुम्हाला काय करायचंय? गाठ गेल्याशी कारण."

सोणकाला ते पटलं असं नाही आणि नाही पटलं असंही नाही. घरात आता विकण्याजोगं एकच उरलं होतं, रंग उकळायचं तांब्याचं मोठं पातेलं. ते त्याने पिंगलाला दिलं. पिंगलाने भर दुपारी, दुकानं झापं लावून विसावलेली असताना, सगळ्यात मोठ्या पेढीची, म्हणजे बोधिसत्त्वांची दोरीच कापली, गटारात टाकली आणि पातेलं डोक्यावर घेऊन वेशीबाहेर चालू लागला.

उन्हं कलली तसा सोणक हसतमुखाने पेढीवर आला. "श्रेष्ठी, आता माझी गाठ नाही ना? मग थोडी नीळ द्या."

पेढीसमोर सगळा बाजार गोळा झाला होता. कापलेल्या दोरीचं टोक खुंटीवर लोंबत होतं. सगळे सोणकाकडे पाहू लागले.

"दोरी तू कापलीस?" चुनेवाल्याने विचारलं.

"मी नाही. पिंगलाने कापली असेल. मी फक्त पातेलं दिलं." मग जरा थांबून तो म्हणाला, "कापली म्हणजे सुटलीच ना?"

कोणी हसलं, कोणी थुंकलं. त्या नगराचा कायदा कडक होता. जो दुसऱ्याची दोरी कापेल किंवा कापवेल त्याचं घर आणि हत्यारं ज्याची दोरी कापली त्याने घ्यावीत. सोणकाला हे ठाऊक होतं. पण हा कायदा चोरांसाठी आहे, असं तो जन्मभर समजत आला होता.

बोधिसत्त्वांचा कारभारी धनिल त्यांच्या कानाशी लागला. "श्रेष्ठी, याच्या घरात मातीशिवाय काही नाही. पण ते विरजण आहे. ते आपल्या हाती आलं की राजवाड्याचं सगळं कापड आपल्याच रांजणातून निघेल. आणि कायद्यानेच मिळतंय, आपल्याकडे बोट दाखवायला जागा नाही."

बोधिसत्त्वांनी ऐकून घेतलं. दोरीचा तुकडा त्यांनी गटारातून काढवला, धुऊन घेतला आणि तो घेऊन ते सोणकाच्या मागोमाग त्याच्या घरी गेले. बाजारही मागून निघाला. भद्रा दारात मडकं पोटाशी धरून उभी होती. तिला वाटलं, आता हे गेलं.

बोधिसत्त्व ओट्यावर बसले आणि त्यांनी दोरी सोणकापुढे ठेवली. "सोणका, यातल्या तुझ्या गाठी कोणत्या?"

सोणकाने दोरी चाचपली. सगळ्या गाठी धुरकटून काळ्या झालेल्या. त्याचे डोळे भरून आले. "सगळ्याच असतील, श्रेष्ठी. सगळ्याच धरा."

धनिल पुटपुटला, "पाहा, स्वतःच कबूल करतोय."

"त्याला विचारून उपयोग नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "तो घाबरलाय. घाबरलेला माणूस देणं असलं तरी हो म्हणतो, नसलं तरी हो म्हणतो. बाई, एक सुतळी आणा. सोणका, हिला एक गाठ मार पाहू."

सोणकाला काही कळेना, पण गाठ मारायला डोकं लागत नाही, हात लागतो. त्याने गाठ मारली. बोधिसत्त्वांनी तिचं टोक ओढलं, ती सर्रकन सुटली.

"ही सुरगाठ आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "निरगाठ का नाही मारलीस?"

"निरगाठ?" सोणक चकित झाला. "श्रेष्ठी, ओल्या कापडाला निरगाठ मारली तर ती सुटायची कशी? निळीत हात भरलेले असतात. लहानपणी एकदा मारली होती, तर बापाने हातच पिरगळला. तेव्हापासून रंगाऱ्याच्या हाताला ती येतच नाही."

बोधिसत्त्वांनी दोरी उजेडात धरली. त्या तुकड्यावर निरगाठीच निरगाठी होत्या. एका टोकाला एकच सुरगाठ होती, चिकटून दगडासारखी झालेली. त्यांनी ती सोणकापुढे केली. सोणकाने टोकाला थुंकी लावली, हळूहळू मळलं आणि ओढलं. गाठ सुटली. वरून काळीकुट्ट असलेली दोरी आत, जिथे घडी होती तिथे, निळीशार होती. त्या हिवाळ्यातली सोणकाच्या बोटांची नीळ तिथे तशीच राहिली होती.

बाजार ती पाहायला पुढे सरकला.

"माझ्या पेढीचं तुझ्याकडे एवढंच आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "ही गाठ आता तू पुन्हा मार, कारण देणं फिटलेलं नाही. बाकीच्या गाठी तुझ्या नाहीत. त्या ज्यांच्या त्यांना मी शोधेन, नाही सापडले तर माझं नुकसान. मडकं इथेच राहू दे. चोराचा कायदा गोंधळलेल्या माणसाला लावून मला रंगारी व्हायचं नाही."

धनिल चिडून म्हणाला, "श्रेष्ठी, हातात आलेलं सोडताय!"

"हातात आलं होतं खरं," बोधिसत्त्व हसून म्हणाले. "पण ती गाठ माझी नव्हती."

मग ते सोणकाला घेऊन दुकानं फिरले. प्रत्येक ठिकाणी ते एवढंच म्हणायचे, "दोरी दाखवा." चुनेवाल्याच्या दोरीवर सुरगाठ नव्हतीच. त्याला एकाएकी खोकला आला. साडूचं नाव सांगणाऱ्याने आपली दोरी उंदरांनी खाल्ल्याचं सांगितलं. जिथे सुरगाठ निघाली तिथे बोधिसत्त्वांनी सोणकाला धन्याशी बोलायला लावलं. किती, कशाचं, त्यातलं किती आधीच दिलं, आणि उरलेलं जमेल तसं केव्हा, हे सोणकाने स्वतः सांगायचं. सुरुवातीला त्याची जीभ जड व्हायची. मग जरा सैल झाली. एकाला तर तो म्हणाला, "या बाजाराला नाही, पुढच्या." आणि नाही म्हटल्यावरही आभाळ कोसळलं नाही, म्हणून त्याला नवल वाटलं.

शेवटी बोधिसत्त्वांनी त्याला ओंजळभर नीळ दिली. आपल्या जुन्या गाठीशेजारी सोणकाने नवी गाठ मारली, लहानशी.

विरजण जगलं. रांजण भरला. दर बाजाराच्या दिवशी सोणक थोडं थोडं घेऊन यायचा, द्यायचा आणि भद्रा मागून ओरडायची, "अहो, गाठ!" मग तो परत फिरून, देणं पुरतं फिटलेलं असलं तर, सगळ्यांदेखत गाठ सोडायचा. लोक मुद्दाम थांबून पाहू लागले, आत निळं निघतं का म्हणून. एक दिवस शेळी सोणकाच्या दारात आपोआप येऊन उभी राहिली. गळ्याला चुन्याचा हात लागलेला होता. कोणी आणून सोडली हे कोणी विचारलं नाही.

सगळ्या गाठी सुटल्या, तरी सोणकाच्या मनाला काहीतरी टोचत होतं. काय ते आठवेना. एका सकाळी रांजणात गूळ टाकताना त्याचा हात थांबला. त्या हिवाळ्यात गूळ कुठून आणला होता? गूळवाल्याच्या दोरीवर तर आपली गाठ निघाली नव्हती.

तो तसाच निळ्या हातांनी धावत निघाला. बाजाराच्या टोकाला चिंचेखाली भामरी म्हातारी गुळाचे खडे मांडून बसायची. तिला दुकान नव्हतं, खुंटी नव्हती, म्हणून दोरीही नव्हती.

"आजी, तुझा गूळ मी नेला होता. मोठी ढेप."

"नेला होतास," भामरी म्हणाली. "माझ्या ध्यानात आहे."

"मग तू मागितला का नाहीस? सगळे ओरडत होते तेव्हा?"

"त्या कालव्यात माझा आवाज कोणाला ऐकू गेला असता रे? आणि तू आधीच बावचळलेला. म्हटलं, डोकं ताळ्यावर आलं की येईल. नाही आला तर म्हणेन, मुंग्यांनी खाल्ला." आणि ती बोळक्या तोंडाने हसली.

सोणकाने कनवटीची नाणी तिच्या पुढ्यात ठेवली आणि इकडे तिकडे पाहू लागला. "पण आजी, गाठ नाही. सोडू काय?"

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं आणि लुगड्याचा पदर पुढे केला. सोणकाने पदराच्या टोकाला सुरगाठ मारली आणि बाजारादेखत ओढून सोडली. विटक्या पदरावर निळ्या बोटांचा डाग उमटला. "आता हा काही जायचा नाही," भामरी कुरकुरली, पण तिने तो पदर डोक्यावरून पुढे असा घेतला की डाग सगळ्यांना दिसावा.

त्या दिवसापासून बाजारात सोणकाला कोणी अडवलं नाही. पुढच्या खेपेला तो पेढीवर आला तेव्हा बोधिसत्त्वांनी निळीची अख्खी गोणी पुढे केली. "ने. तुला आता गाठ नको."

सोणक गोणीकडे पाहत राहिला, खुंटीकडे पाहत राहिला आणि पुरता गोंधळला. "नको, श्रेष्ठी, मारू द्या. नाहीतर हे देणं आहे की दान, माझ्या ध्यानात राहायचं नाही."

बोधिसत्त्वांनी दोरी पुढे केली. सोणकाने गाठ मारली, गोणी पाठीवर घेतली आणि घरी गेला.

भिक्षूंना ही हकिगत ऐकवून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, कोणी दटावलं की न केलेला दोषही पदरात घेणारा जो भिक्षू तुम्ही पाहता, तोच तेव्हाचा सोणक. त्याच्या चिवराला टाके घालून देणारी उपासिका म्हणजे भद्रा. भिक्षा मागायची वेळ आली की सगळ्यांच्या मागे उभी राहणारी ती वृद्ध भिक्षुणी भामरी होती. आणि निळीचा व्यापारी मीच होतो. हाती आलेला लाभ खोट्या गाठीवर टांगलेला असेल तर तो मी त्या जन्मी घेतला नाही. माझी सत्यपारमी, म्हणजे सत्याची साधना, त्या जन्मी अशी एका रंगाऱ्याच्या ओट्यावर वाढली."