तळ्यातल्या बंदीशाळेची स्वप्नं

खूप जुनी गोष्ट आहे. ती घडली तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि नद्या वाट फुटेल तिकडे वाहत होत्या. त्या काळी एका राज्यात एक मोठं तळं होतं. तळ्याच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर राज्याची एकुलती एक बंदीशाळा होती.

सकाळी तळ्यावर असं दाट धुकं धरायचं की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं, हे नावाड्यालाही सांगता यायचं नाही. बंदीशाळा त्या धुक्यात तरंगत असल्यासारखी दिसे. तिचा राखणदार होता नागोजी. माणूस मवाळ, थोडा भित्रा म्हटलात तरी चालेल. आपण बरं, आपलं काम बरं, असं म्हणत त्याचे केस पिकले होते.

त्या राज्यात एक रिवाज होता. सकाळची पेज हातात पडण्याआधी प्रत्येक कैद्याने रात्री पडलेलं स्वप्न राखणदाराला सांगायचं. राजाच्या पणजोबांनी तो घालून दिला होता. माणसाला भिंतीआड ठेवता येतं, पण तो आतून कसा आहे हे कळायला त्याचं स्वप्नच ऐकावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पणजोबा गेले, त्यामागचा विचारही गेला, रिवाज तेवढा उरला. नागोजीला मात्र तो मनापासून आवडायचा. बेटावर दुसरी करमणूक ती कसली?

त्याला सगळ्यांत लाडकं होतं भिकाचं स्वप्न. भिका टोपल्या विणायचा. राजाच्या राखीव बनातून त्याने बांबू तोडला, म्हणून त्याला इथे आणलं होतं. त्याच्या स्वप्नात त्याची धाकटी लेक मोठ्या टोपलीत बसून आभाळातून जायची, आणि हा खालून शेताशेतांतून तिच्यामागे पळायचा. लेक वरून हसायची. भिका सांगू लागला की नागोजी पळी हातात धरून तसाच उभा राही, आणि मागच्या कैद्यांची पेज निवून जाई.

उलट, सुभानाचं स्वप्न ऐकताना त्याच्या अंगावर काटा यायचा. सुभानाने शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाला विळ्याने मारलं होतं. तो विळा रोज त्याच्या झोपेत यायचा. तो ओरडत उठायचा, आणि पेज न घेताच कोपऱ्यात जाऊन बसायचा.

पुढे राजाच्या कानाशी एक नवा प्रधान लागला. धाक असेल तरच राज्य टिकतं, हे त्याने राजाच्या गळी उतरवलं. मग काय विचारता! कुणी राजाच्या कुरणातलं गवत कापलं, कुणी पालखीला वाट द्यायला उशीर केला, कुणा म्हाताऱ्याने देवाला वाहायला राजाच्या बागेतली फुलं खुडली, सगळ्यांची रवानगी बेटावर. होड्या भरून येत आणि रिकाम्या परत जात.

बेट काही वाढणार नव्हतं. चारी बाजूंना पाणी. माणसं मात्र वाढतच होती. शेवटी अशी वेळ आली की कैद्यांना एका कुशीवर, एकमेकांना चिकटून झोपावं लागे. एकाला कूस बदलायची झाली तर सगळ्या रांगेला बदलावी लागे. पहारेकरी जमिनीवर काठी आपटायचा, आणि अख्खी रांग एकदम वळायची.

आणि त्या दाटीवाटीत स्वप्नं सांडू लागली.

आधी नागोजीला हसू आलं. जन्मात तळ्यात पाय न घातलेला, गवत कापणारा गवत्या मासे धरल्याचं सांगत होता, आणि कोळ्याला गवताच्या गंज्या दिसत होत्या. डोक्याला डोकं लागलं की असं व्हायचंच, असं तो स्वतःशीच म्हणाला.

पण एका सकाळी भिका पुढे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाबा, म्या माझ्या भावाला इळ्यानं मारलं."

भिकाला भाऊच नव्हता.

त्याच्यामागे सुभाना उभा होता. गाढ झोपेने त्याचा चेहरा छान टवटवीत झाला होता. त्याने सांगितलं की त्याची लेक टोपलीत बसून आभाळातून चालली होती आणि लई गोड हसत होती. मग त्याने पेज मागितली, आणि वर थोडी आणखी मागून घेतली. सुभानाला ना लेक होती, ना बायको.

त्या दिवसापासून तो विळा रांगेतून पुढे पुढे सरकत गेला. गवत्याला दिसला, कोळ्याला दिसला, फुलं खुडणाऱ्या म्हाताऱ्यालाही दिसला. सुभाना तेवढा रोज शांत झोपत होता.

सगळ्यांत जास्त बदलला तो भिका. झोपायला तो सुभानाच्या अगदी शेजारी होता. त्याचं बोलणं तुटक झालं, नजर सुभानासारखी झाली. एके दुपारी नागोजीने पाहिलं, तर भिका बांबूची कांब दगडावर घासत बसला होता. टोपली विणायला कामट्या काढतात, तशी ही नव्हती. तिला टोक होतं.

"कशाला रे हे?" नागोजीने विचारलं.

भिकाने कांबेकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. "ठाव न्हाई बाबा," तो म्हणाला. "हातच करत्यात."

नागोजीने कांब काढून घेतली. पण हात कसे काढून घेणार? स्वप्न आज ना उद्या त्या हातांत पुरतं उतरणार, आणि बांबू तोडणारा हा बापडा खुनी होऊन बसणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याला रडूच आलं. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. अंगरखा झटकला, होडीत बसला आणि थेट दरबारात जाऊन उभा राहिला.

प्रधानाने त्याला भरपूर सुनावलं. एकदा दिलेली शिक्षा मागे घेतली तर उद्या राजाला कोण विचारील, असा त्याचा सवाल. नागोजीने एवढीच विनंती केली की पणजोबांच्या रिवाजाला मान देऊन महाराजांनी एक सकाळ बेटावर यावं आणि स्वप्नं ऐकावीत. राजाला त्याची गंमत वाटली. तो निघाला. प्रधानालाही निघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी धुक्यातून राजाची होडी आली. राजा पेजेच्या हंड्याशेजारी बसला. कैदी एकेक करून पुढे येऊ लागले.

सुभानाने टोपलीतल्या लेकीचं स्वप्न सांगितलं. ते ऐकताना राजाचा चेहरा इतका हळवा झाला की प्रधान दुसरीकडे पाहू लागला. मग फुलं खुडणारा म्हातारा आला आणि विळ्याबद्दल सांगून थरथरत पुढे सरकला. गवत्यानेही विळाच सांगितला. शेवटी भिका आला. तो बोलत होता, पण त्याचं लक्ष आपल्या हातांकडे होतं. त्याचं सांगून होईपर्यंत राजाच्या दोन्ही बाजूंचे शिपाई आपोआप जवळ सरकले होते.

राजा उठला. त्याने सुभानाकडे बोट दाखवलं. "या बिचाऱ्याला आजच सोडा. आणि हा," तो भिकाकडे वळला, "हा खुनी दिसतो. याला कधीही सोडू नका."

नागोजीने हात जोडले. "महाराज, उलट आहे. याने बांबू तोडला, आणि भाऊ मारला तो त्याने. तुम्ही सुभानाला शिक्षा दिलीत, पण ती भोगतोय भिका. सुभानाचं पाप आम्ही सगळ्यांत थोडं थोडं वाटून टाकलंय."

धुकं भिंतीवरून आत उतरत होतं. राजाने स्वतःचं बोट पाहिलं आणि ते हळूच मुठीत मिटलं.

त्याने तिथेच हुकूम दिला. ज्यांनी कुणाच्या जिवाला धक्का लावला नाही, ते सगळे आज घरी जातील. उरलेली शिक्षा आपापल्या गावात, गावाच्या डोळ्यांसमोर भोगतील. बांबू तोडणारा बांबू लावील, गवत कापणारा कुरण राखील. प्रधान म्हणाला की ही माणसं पुन्हा चुकली तर? राजा म्हणाला, "चुकतील. पण आपल्याच चुका करतील."

त्या दिवशी होड्या पहिल्यांदाच बेटावरून भरून गेल्या. भिका शेवटच्या होडीत होता. नागोजी काठावर उभा राहून, होडी धुक्यात विरेपर्यंत हात हलवत राहिला. घरी जाऊन भिका बरेच दिवस दचकून उठायचा. मग लेक त्याच्या कुशीत झोपू लागली आणि हळूहळू त्याची झोप त्याला परत मिळाली. सुटलेल्यांपैकी दोघं-तिघं पुन्हा चुकले, नाही असं नाही. पण विळा कुणी उचलला नाही.

बंदीशाळेत आता मोजकीच माणसं उरली. सुभानाला हातपाय पसरून झोपायला ऐसपैस जागा मिळाली. सकाळी तो पेजेपाशी आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. कुणीतरी शेजारी झोपायला द्या, अशी त्याने गयावया केली.

नागोजीला त्याची दया आली. तरी त्याने मान हलवली. तो हंडा सोडून त्याच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "स्वप्न सांग. तुझं."

विळा सुभानाने पूर्वीही सांगितला होता, पण तो कुणावर पडला त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आज ते त्याच्या तोंडून निघालं. "म्हादू," तो म्हणाला. "माझा म्हादू." आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला.

इतकी वर्षं बंदीशाळेत काढलेल्या सुभानाची शिक्षा खरी सुरू झाली ती त्या सकाळी.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: किरकोळ चुकांनी तुरुंग भरून टाकला, की खऱ्या गुन्ह्याला शिक्षा करायला तिथे जागाच उरत नाही.