मोरीकडचा वाफा

भाज्या बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. खोटी वाटली तर द्वारकाबाईंच्या खुरप्याला विचारा.

त्यांच्या परसात मोरीचं पाणी मिळणारा वाफा वांग्याने तीन वर्षं धरून ठेवला होता. पहिल्या वर्षी वांगी तांब्याएवढी आली, दुसऱ्या वर्षी लिंबाएवढी, तिसऱ्या वर्षी सुपारीएवढी. द्वारकाबाई वैतागल्या. "यंदा भरताजोगं एक तरी वांगं आलं नाही, तर याचं बी चुलीत!"

कुंपणाजवळची चवळी म्हणाली, "वांगेदादा, यंदा आपण जागा बदलूया."

"वा गं वा! माझ्या पाण्यावर डोळा होय तुझा?"

तेव्हा माती बोलली. "बाबा रे, तुला लागतं ते सगळं तू खाऊन संपवलंस. चवळी जिथे राहते, तिथे माझ्यासाठी खाऊ ठेवून जाते. जा तिच्या जागी."

चुलीपेक्षा कुंपण बरं, म्हणून वांगं गेलं. त्या वर्षी एकेक वांगं एवढं झालं, की भरतासाठी द्वारकाबाईंना शेजारणीचीही चूल मागावी लागली.

पुढच्या हंगामात मोरीपाशी मुळ्याची पाळी आली, तर चवळी हलेना. "इथे पाणी छान आहे हो. राहू द्या की मला!"

माती नुसती खाकरली. चवळीने मुकाट्याने वेल गोळा केले.