कंपनी एकच, दाते वेगळे

मिरजेत रझिया मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये खर्डेकर सरकारांच्या जुन्या विलायती मोटारीला दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. पण त्याला शाफ्ट जोडणारा जुना योक, म्हणजे आतून दाते असलेला जोड, काही बसेना. रझियांनी दाते मोजले. योकात सत्तावीस, गिअरबॉक्सला बत्तीस.

"दुसरा योक लागेल, सरकार."

सरकार चारचौघांत कडाडले, "दोन्ही एकाच कंपनीचे आहेत! बाईमाणसाला काय कळतंय यातलं? हातोड्याने ठोका, नाहीतर गाडी दुसरीकडे नेतो."

रझियांनी सरकारांच्या हातातल्या बंगल्याच्या किल्लीवरचं कंपनीचं नाव वाचलं आणि कपाटाचं कुलूप त्यांच्यापुढे धरलं.

"हेही त्याच कंपनीचं आहे. तुमच्या किल्लीने उघडून दाखवा. नाहीच फिरली, तर हातोडा देते."

गॅरेजभर हशा उसळला. किल्ली खिशात टाकत सरकार पुटपुटले, "बत्तीस दात्यांचा मागवा, मिस्त्री."